चौदाव्याचा बाबल

बाबल समोरून आला की आमच्या वाडीतली माणसं वाट बदलत. मी पण वाट बदललेली आहे. मुलगी बघायला निघालेले लोक, नवी गाडी देवळाकडे नेणारा पोरगा, कोर्टाच्या कामाला निघालेला भाऊबंद, सगळे त्याला बघून गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीच्या, आड उभे राहायचे. बाबल वाईट माणूस नव्हता. दारू पीत नव्हता. दुसऱ्याच्या माडाखाली पडलेला नारळसुद्धा उचलत नव्हता. पण त्याच्या खांद्यावर पाग, म्हणजे ते फेकायचं गोल जाळं, आणि हातात काळं मातीचं भांडं दिसलं की समजायचं, आज कुणाच्या तरी घरी चौदावा दिवस आहे.

एकदा लग्नाचं वऱ्हाड टेंपोत बसत होतं आणि हा वळणावरून आला. नवरीची आई खाली उतरून ओरडली, "बाबल, मेल्या, तुका आजच रस्तो गावलो? पोरीचा लगीन आसा माज्या!"

बाबल वळला. गडग्याकडे तोंड करून उभा राहिला, शाळेत पोराला उभं करतात तसा. टेंपो सुरू झाला तेव्हा मान न वळवता म्हणाला, "जावा गो जावा. आज मी तुमचो नाय. तुमची पाळी इली की न बोलावता येतंय."

त्या बाईने त्याला सबंध रस्ताभर शिव्या घातल्या असं ऐकलं. दोन पावसाळ्यांनी तिची सासू गेली. तेव्हा तिनेच माणूस पाठवून बाबलला बोलावलं.

आमच्याकडची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. घरात माणूस मेलं की तेरावं होईपर्यंत त्या घरात मासळी शिजत नाही. चौदाव्या दिवशी तिखट करतात. मासे आणायचे, शिजवायचे, मेलेल्याच्या नावाने पानावर थोडं वाढून बाहेर ठेवायचं, त्यालाही आम्ही वाडी म्हणतो, आणि मग सगळ्यांनी जेवायचं. तेव्हापासून ते घर परत माणसांत येतं. पूर्वी पाहुणे बाजारातून मासे आणत. बाबलने हे काम अंगावर घेतल्यापासून बाजार बंद झाला. तो म्हणायचा, "बर्फातलो मासो कित्याक होयो? घरात एक मेलेला माणूस पुरे नाय?" मासे तो स्वतः धरायचा, त्याच सकाळी, आणि शिजवायचाही स्वतः. वाडीतल्या बहुतेक घरांचा चौदावा दिवस त्याने केला.

त्याच्या स्वतःच्या घरात मात्र तो दिवस येत नव्हता. येणार की नाही, हे आम्ही सगळे शेजारी वर्षानुवर्षं बघत होतो.

मी गवंडी. चिऱ्याची कामं केली जन्मभर. शाळा चौथीपर्यंत. आमच्याकडे पुढारी मेला की नाक्यावर त्याचा मोठा फोटो लागतो, खाली वीस जणांची नावं. बाबलचा लागला नाही. त्याचा एक तरी फोटो होता की नाही कोण जाणे. म्हणून लिहितो.

अंगाने काटकुळा. उन्हात डोळे बारीक करून करून एक डोळा कायमचा बारीक राहिला होता. टोपीच्या काठात मासे धरायची गरी अडकवलेली असायची, दोरा गुंडाळून. ओट्यावर कधी बसायचा नाही, खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उकिडवा बसायचा. तेराव्याच्या संध्याकाळी तो त्या घरी जायचा. झालं ते वाईट झालं, देवाची मर्जी, असं काही बोलायचा नाही. दोनच गोष्टी विचारायचा. "घरात माणसां किती?" आणि "गेलेल्याक खयचो मासो आवडायचो?"

दुसऱ्या प्रश्नाला घरोघरी भांडणं झालेली आहेत. खालच्या वाडीत एक म्हातारा गेला. एक मुलगा मुंबईचा, एक इथेच कट्टा गावात दुकानात कामाला. मुंबईचा म्हणाला, बाबांना पापलेट आवडायचं, मी आणायचो तेव्हा खायचे. दुसरा म्हणाला, तू वर्षातून एकदा येणार, तुला काय माहीत, त्यांना सुरमई आवडायची. शब्दाला शब्द वाढला. बाबल उकिडवा बसून एकदा ह्याच्याकडे बघतो, एकदा त्याच्याकडे. मग आतून म्हातारी बोलली, "तेंका सुको बांगडो आवडायचो. चुलीत भाजलेलो. तुमी दोघांनी कधी इचारलात?"

 बाबल म्हणाला, "आये, सुको बांगडो गरीक लागणा नाय गो." ती म्हातारी त्या घरात तेरा दिवसांत पहिल्यांदा हसली म्हणतात.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे तो आमच्या मागल्या दारी आला. माझी बायको लीला चूल पेटवत होती. "वयनी, सुको बांगडो आसा?" तिने डब्यातला काढून दिला. त्याच्या घरात सुकी मासळीसुद्धा नसायची. तो बांगडा त्याने त्या म्हाताऱ्याच्या वाडीवर ठेवला, आणि बाकीच्यांना खाडीतले शेवटे नावाचे मासे.

त्याची शिजवायची पद्धत सांगतो. घरातल्या चुलीला हात लावायचा नाही. खळ्यात तीन चिरे मांडायचा. नारळ, मीठ आणि मसाला त्या घरचाच घ्यायचा. म्हणायचा, "मेलेल्यान जो मसालो खाल्ल्यान तोच होयो. माझो घातलंय तर जेवाण माझा होतला." पाटा बाहेर आणून नारळाचं वाटप स्वतः वाटायचा. बापयमाणूस पाट्यावर बसलेला बघून बायका पदर तोंडाला लावायच्या. मासे समुद्रावरच साफ करून खाऱ्या पाण्यात धुऊन आणायचा. घरी आणून गोड्या पाण्यात धुतले की चव पळते म्हणायचा. सोलं, म्हणजे आमसुलं, ठेचलेली तिरफळं, आणि एक उकळी. पळी घालायचा नाही, तुकडी मोडते. भांड्याचा काठ फडक्याने धरून गरगर फिरवायचा. वाढायच्या आधी सगळ्यांना बजावायचा, "रडायचा आसा ता आताच रडा. जेवताना रडलात तर काटो अडाकतलो."

हे तो जोरात, ओरडून सांगायचा. घरातली माणसं रडायची. मग हात धुवून जेवायला बसायची. खरंच कुणी पानावर रडायचं नाही.

लीलाने एक गोष्ट बघितली होती. मला इतकी वर्षं दिसली नव्हती. ती म्हणाली, "बाबलभावजी चाखणत नाय. मीठ बघूचा झाला तर वासान बघतत. आणि जेवूकय बसणत नाय. कोणाच्याच घरात." मी म्हटलं, लाजत असेल. ती म्हणाली, "बाबल आणि लाजता? तुमका कायच समाजणा नाय."

आता त्याच्या मुलाचं सांगतो.

दीपक त्याचा एकुलता एक. ट्रॉलरवर खलाशी होता. मोसम संपत आला होता, बोटी वर ओढायच्या बेतात होत्या, आणि वादळ आलं. बोट उलटली. बाकीच्यांना दुसऱ्या बोटीने उचललं. दोघे बेपत्ता, दीपक आणि पलीकडच्या वाडीतला एक पोरगा. चार-पाच दिवसांनी शिरोड्याच्या बाजूला एक मढं लागलं. पोलिसांचा फोन आला. बाबल गेला, मी त्याच्याबरोबर गेलो. चादर बाजूला केली. त्याने बघितलं आणि परत फिरला. ते मढं दीपकचं नव्हतं, त्या दुसऱ्या पोराचं होतं. घरी आल्यावर खळ्यात रुक्मिणी, त्याची बायको, उभी होती. तिला तो म्हणाला, "आपलो नाय." हे सांगताना तो हसला. ते हसणं मी बघितलेलं आहे, दुसऱ्या कुणी बघू नये.

त्या पलीकडच्या पोराचं तेरावं झालं. त्याचा बाप म्हणाला, आता ह्या घरात मासळी येणार नाही, ज्या पाण्याने पोर नेलं त्या पाण्यातलं खायचं नाही. बाबल पाग घेऊन खडकावर गेला, मासे धरले, त्यांच्या घरी गेला आणि खळ्यात चूल मांडून बसला. त्या बापाने त्याची गचांडी धरली. बाबल म्हणाला, "तुझो गावलो. तुका खाऊक होया." बापाने हात सोडले. तो बाबलने केलेला पहिला चौदावा दिवस.

आणि दीपकचं? भटजी येऊन गेले. भाऊबंद येऊन बसले. मढं नाही मिळालं तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात, तो जाळतात, आणि पुढचं सगळं करतात. अशी रीत आहे. बाबलने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पानां जाळूची तर उकिरड्यार जाळतंय. पानां माझो झील नाय." सगळे उठून गेले. तेरावं नाही, चौदावं नाही. त्याने होडी विकली आणि पुन्हा कुठल्या होडीत बसला नाही. जे धरायचं ते खडकावरून नाही तर खाडीच्या तोंडावरून. आणि त्याच्या घरात मासा शिजणं बंद झालं.

वाडीत सगळ्यांना माहीत होतं की हे रुक्मिणीने बंद केलं. तिने म्हटलं होतं म्हणे की, त्या माशांनी माझ्या झिलाक खाल्ल्यानी आसतला, ते मासे माज्या घरात नको. कुणी बाबलला विचारलं, घरी का नेत नाहीस, तर तो म्हणायचा, "रुक्मिणीक सोसणा नाय." बायका तिला वेडी म्हणायच्या. सणासुदीला टाळायच्या. ती कुणाला काही बोलायची नाही. विहिरीवर यायची, पाणी न्यायची. घरात मुगागाठी, वाल, कुळथाची पिठी. मासे धरणाऱ्याच्या घरात.

मध्ये आमच्या वाडीत पर्यटन आलं. मधूने, माझ्या चुलतभावाच्या मुलाने, होमस्टे काढला. पाहुण्यांना समुद्रावर नेऊन मासे धरायला शिकवायचं, त्यांनी धरलेले मासे त्यांच्यासमोर शिजवायचे, असं त्याच्या डोक्यात होतं. तो बाबलला घेऊन गेला. पुण्याची माणसं होती, दोन जोडपी. बाबलने त्यांना गरी टाकायला शिकवलं. एकीला काळुंदर लागलं, ती पोरीसारखी नाचली. सगळं छान चाललेलं. खळ्यात चूल मांडली, भांडं फिरवलं, वास सुटला. ती बाई म्हणाली, "काका, काय भारी वास आहे! तुम्ही रोज करता का असं?"

"रोज नाय," बाबल म्हणाला. "कोण मेला की करतंय."

ते हसले. त्यांना वाटलं थट्टा. मग त्याने नीट समजावून सांगितलं. कुठल्या घरात काय झालं, कुणाला कुठला मासा. शेवटी बजावलं, रडायचं असेल तर आत्ताच रडा. त्या दुसऱ्या बाईने ताट सरकवलं. मधू नंतर त्याच्यावर तडकला, "बाबलकाका, माझो धंदो बसयलात!"

"तेंनी इचारल्यानी, मी सांगलंय," बाबल म्हणाला. "खोटा सांगूचा होता तर माका आधी सांगूचा होता."

त्यानंतर मधूने त्याला बोलावलं नाही.

माझी लीला गेली त्याला आता दोन वर्षं होतील. पोटात गाठ. गोव्याला हॉस्पिटलात खेपा घातल्या, मग त्यांनीच सांगितलं घरी न्या. शेवटी तिला पेज पण जात नव्हती. बाबल रोज येऊन खळ्यात बसायचा, खिडकीखाली. ती आतून बोलायची, तो बाहेरून. एक दिवस मी माडाला पाणी सोडत होतो आणि तिचं ऐकू आलं.

"बाबलभावजी, माज्या चौदाव्याक तांबोशी आणू नको हां."

"मगे काय आणू?"

"काळुंदर. तांबोशी ह्यो माणूस भरभर खातलो आणि उठतलो. काळुंदराचे काटे लय. काटे काढता काढता तरी माजी आठवण येतली."

"बरा," बाबल म्हणाला. "बारकी आणतंय. बारक्यांका काटे जास्ती."

दोघे हसले. मी पाणी सोडत राहिलो.

ती गेली. तेराव्याच्या संध्याकाळी बाबल आला, पण प्रश्न विचारले नाहीत. घरात माणसं किती हे त्याला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मुलगी आणि जावई जेवून मुंबईला निघाले, मुलांच्या शाळा होत्या. मी तोवर जेवलो नव्हतो. मला जमत नव्हतं. बाबल पान घेऊन आला आणि माझ्यासमोर ठेवलं. बारकी काळुंदरं.

मी म्हटलं, "मी खातंय. पण तू माज्याबरोबर बस. तू खा."

"माका नको."

"मगे माकाय नको."

 बाबल खळ्यातली राख काडीने उकरत होता. मग म्हणाला, "वामना, तुज्या घरातलो चौदावो दिवस इलो. माज्या घरातलो अजून येवक नाय. तुजी बायल तुज्या मांडीर गेली. तू खा. मेल्या, तुका खाऊक होया."

मी खाल्लं. काटे काढायला खरंच वेळ लागला. तो समोर बसून राहिला, माझं होईपर्यंत. माझं पान त्यानेच उचललं.

गेल्या पावसाळ्यात तो खडकावर घसरला. शेवाळ होतं. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन नको म्हणाला, आणि डॉक्टरपण म्हणाले की हृदय साथ देणार नाही. ओट्यावर खाट टाकली. जो माणूस जन्मभर ओट्यावर बसला नाही तो तिथे आडवा पडला. छातीत पाणी झालं. बोलताना धाप लागायची. मी रोज जायचो. तो विचारायचा, भरती कधी, पाणी गढूळ की निवळलं, शेवटे वर आले काय. मी गवंडी, मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. मी काहीतरी सांगायचो. तो डोळे मिटून म्हणायचा, "खोटा सांगतंस. पण सांग."

एक दिवस म्हणाला, "माज्या चौदाव्याक कोण येतलो रे?"

"मी येतलंय."

"तू?" तो हसायला गेला आणि खोकला आला. "तुका पाग टाकूक येता? तू थापी मारतलंस पाण्यार." खोकला थांबल्यावर त्याने माझं मनगट धरलं. जोर नव्हता. "घरात करू नको. गडग्याच्या भायर कर. माज्या घरात मासो न्हेव नको, वामना. तो येय सर."

तो येय सर. म्हणजे दीपक येईपर्यंत. मी हो म्हटलं. मरत्या वेळी माणसाला नाही कसं म्हणायचं. रुक्मिणी दारात तांब्या घेऊन उभी होती. तिने ऐकलं. ती तशीच आत गेली.

तीन दिवसांनी तो गेला. सकाळची वेळ, ओहोटी होती. मी पोचलो तेव्हा रुक्मिणी त्याचे पाय सरळ करत होती. तोंड समुद्राच्या बाजूला वळलेलं होतं, बारीक डोळा मिटलेला, दुसरा अर्धा उघडा. तो मी माझ्या हाताने मिटला.

तेराव्याच्या संध्याकाळी मी त्यांच्या खळ्यात गेलो. भाऊबंद जेवून गेले होते. मला उकिडवं बसता येत नाही आता, गुडघे गेले, उभाच राहिलो. घरात माणसं किती हे विचारायचं कारण नव्हतं. मी म्हटलं, "वयनी, बाबलाक खयचो मासो आवडायचो? मी गडग्याच्या भायर करतंय. तुमका त्रास होवचो नाय."

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"भायर कित्याक?"

"तुमका सोसणा नाय म्हणान."

तिने सूप खाली ठेवलं. "माका?" ती म्हणाली. "भावजी, माका सोसणा नाय असा तुमका कोणी सांगला?"

मी म्हटलं, सगळी वाडी म्हणते. बाबलच म्हणायचा. माशांनी झिलाला खाल्लं असं तुम्हीच बोललात ना.

"ता मी नाय बोललंय. ता तेंनी बोलल्यानी. मी पयल्याच वर्सा रडान मोकळी झालंय. आवशीक समाजता पोर गेला ता. मी तेंच्या पायार डोक्या ठेवलंय, म्हटलंय, पुतळो करा, जाळा, पोरग्याक वाटेक लावा. तर तेंनी तांब्यो फेकून मारल्यानी. जन्मात एकदाच हात उचलल्यानी, तो तेवा."

"मगे इतकी वर्सां तुमी गप कित्याक रवलात? लोक तुमका येडी म्हणतत."

"म्हणांदेत. बायल येडी झाली तर कोण काय म्हणणा नाय. बापयमाणूस येडो झालो असा लोकांका सांगू?"  मग तिचा आवाज चढला. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला तेव्हा कळलं. "सगळ्यांच्या घरची मेलेली माणसां जेवयल्यानी तेंनी! दर वर्सा पितरांच्या म्हाळात मी सासऱ्यांची वाडी ठेवतंय, सासूची ठेवतंय. माज्या झिलाची ठेवूक दिली नाय तेंनी. जितो आसा म्हणत. जितो आसा तर जेवक येणा नाय, मेलो आसा तर वाडी नाय. माजो झील इतकी वर्सां उपाशी आसा, भावजी. बापाशीन उपाशी ठेवल्यान तेका."

 बाबलला मी शब्द दिला होता, घरात मासा नेणार नाही म्हणून. तो शब्द तिनेही ऐकला होता.

"उद्या घरात करा," ती म्हणाली. "चुलीर. तेंका शेवटो आवडायचो. दीपकाक तांबोशी. पण तुमका काय गावता ता आणा."

दुसऱ्या दिवशी मी बाबलची गरी घेऊन खडकावर गेलो. पाग मला फेकता येत नाही, तो बरोबर बोलला होता. आमिष दोनदा नुसतंच खाल्लं गेलं. एकदा गरी खडकात अडकली आणि काढताना हात कापला. शेवटा मिळाला नाही. तांबोशी मिळाली नाही. मिळाला एक गोबरा आणि दोन काळुंदरं. खाऱ्या पाण्यात साफ केले, जमले तसे.

गडग्यापाशी येऊन मी थांबलो. तिथे तीन चिरे मांडता आले असते. दिलेला शब्द पाळला गेला असता, आणि रुक्मिणीला काहीतरी सांगता आलं असतं. ती दारातून बघत होती.

"आत हाडा," ती म्हणाली.

मी आत गेलो. चुलीवरचं सगळं तिनेच केलं, माझ्या हातातून मासे घेऊन. मी नुसता बसलो. मासे कापताना तिचा हात चुकला नाही, इतक्या वर्षांनी. उकळी आली, वास घरभर झाला, माळ्यापर्यंत गेला. ती मध्येच एकदा थांबून छपराकडे बघत राहिली. रडली नाही.

मग तिने केळीच्या पानाचे दोन तुकडे केले आणि उंबऱ्याजवळ मांडले. बाबलच्या पानावर भाताची एक मूद, एक तुकडी, वर माशाची कढी. ते पान तिने हाताने थोडं बाजूला सारलं. मग दुसऱ्या पानावर भात वाढायला घेतला. एक पळी, दुसरी, तिसरी. भात पानाच्या कडेवरून जमिनीवर पडायला लागला. मी म्हटलं, "वयनी." तिने ऐकलं नाही. पान दिसेनासं झालं तरी ती वाढत राहिली.